नेम धरलेली गोळी

७ जानेवारी, मंगळवार

गोळी आज सुरू केली. सकाळी एक, संध्याकाळी एक, दोन्ही वेळा पोट रिकामं.

पालघरच्या दवाखान्यात मुंबईचे मोठे डॉक्टर येतात. त्यांनी प्रदीपला कागदावर माझं लिव्हर काढून दाखवलं. लिव्हर कसलं, भरताचं वांगं. त्यात गाठींचे गोल. ऑपरेशन करता येणार नाही म्हणाले, गाठी पसरल्या आहेत. आता ही एकच गोळी. ती गाठींना आहे तिथे धरून ठेवील, आणि अंगाला सोसेल तोवरच घेता येईल. माझा मुलगा हे ऐकून पंख्याकडे बघत बसला. शेवटी मीच विचारलं, पोटात गेल्यावर गोळीला कळणार कसं कुठे जायचं ते. डॉक्टर हसले. म्हणाले, आजी, ही टार्गेटेड गोळी आहे, नेम धरून जाते.

बरं. नेम धरून जाते तर मी मध्ये कशाला पडू. गोळी आणि गाठ आपसात बघून घेतील.

आमचे हे जन्मभर ताडी प्यायले, लिव्हर शेवटपर्यंत ठणठणीत. गेले ते सायकलवरून पडून. मी नीरा सोडून काही तोंडाला लावलं नाही आणि लिव्हर माझं बिघडलं.

तिथे हेतल नावाची सिस्टर आहे. गुजराती. मला बा म्हणते. दर मंगळवारी फोन करून चौकशी करणार आहे. म्हणाली, बा, काय काय तक्रारी होतात ते रोज लिहून ठेवा. मला चौथीपर्यंत शाळा, अक्षर अजून चांगलं आहे. म्हणून ही प्रदीपच्या कंपनीची डायरी काढली.

तक्रारी: उषा चहात आलं घालत नाही. प्रदीप बोईसरच्या कंपनीत, राहतो सालवडला खोली घेऊन, घरी येतो रविवारी, तेही धुण्याची पिशवी घेऊन. शेजारच्या राहीबाईची कोंबडी आमच्या ओट्यावर घाण करते.

हे सिस्टरला कसं दाखवणार. तिला दाखवायला कॅलेंडरवर बीपी लिहीन. डायरी माझी मलाच.

१० जानेवारी, शुक्रवार

तब्येत उत्तम. सकाळी पानवेलीत जाऊन आले.

संकल्प: होळीच्या आधी वेल उतरवायची. वेल वर्षभर काठीवर चढून चढून हाताबाहेर जाते, पानं बारीक येतात. मग ती काठीवरून सोडवायची, खालचा जून दांडा वेटोळं करून बुंध्याशी मातीत पुरायचा, शेंडा तेवढा वीतभर बाहेर ठेवून नव्याने बांधायचा. हात जड पडला तर वेल मोडते. आमच्या माकुणसार गावात असा हात आता माझाच उरला आहे. उषा माझी सून, इतकी वर्षं या घरात आहे, पण तिला मी वेलीला हात लावू दिलेला नाही. ती गाठ मारते ती म्हशीला बांधल्यासारखी. आमची कामाची बाई नवसी, तिचा हात बरा, पण बडबड फार. वेलीला बडबड चालत नाही.

हेतल सिस्टरने कागद दिला आहे. अनवाणी चालू नका. घरातही मऊ चप्पल घाला. जाड मोजे घाला. गरम पाणी नको. हातापायाला क्रीम लावा. भाजीचा मळा असता तर ऐकलं असतं. पानवेलीत चप्पल जात नाही. माझ्या सासूने मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बांधावर उभं करून सांगितलं होतं: चप्पल नाही, विटाळ नाही, आजारी माणूस नाही. वेल नाजूक, लगेच रुसते, एकदा मर लागली की सगळी वाडी जाते.

मी आजारी नाही. मला गाठ आहे. ताप नाही, खोकला नाही. सासूच्या नियमात गाठ नव्हती.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

हेतलचा पहिला फोन. हात कसे, पाय कसे, तोंड आलं का, पोट कसं, बीपी किती. सगळं छान म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी राहीबाई तिळगूळ घेऊन आली. तिच्या भाच्याचा सासरा मनोरचा, त्यालाही लिव्हरचंच होतं, हीच गोळी होती. त्याने एक दिवस फोनवर सांगून टाकलं, हात जळतात, पायाला फोड आलेत. झालं. गोळी बंद. दिवाळीचा फराळ खायला उरला नाही. हे सगळं राहीबाई तिळाचा लाडू फोडत फोडत सांगत होती. गोड गोड बोला म्हणून देतात तो लाडू.

ती गेल्यावर विचार केला. म्हणजे हे फोन त्यासाठी. जो बोलला त्याची गोळी काढून घेतात.

संकल्प: फोनवर काही बोलायचं नाही.

१९ जानेवारी, रविवार

तळहात लाल झाले आहेत, ऊन लागतात. लाडवाच्या पाकाने असणार. लाडू उषाने वळले, पण मी परात धरली होती.

प्रदीप आला. हात का मुठीत धरून बसलीस म्हणाला. थंडी म्हटलं. त्याने पंखा बंद केला. लेकाला इतकं कळतं, पुरे आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

हेतल: हात?

छान.

पाय?

छान.

छान छान म्हणते ती पोरगीपण, आणि तिकडे कागदावर बरोबरच्या खुणा करत असणार. मला तिचं बरं वाटतं. तिचंही काम लवकर उरकतं.

२५ जानेवारी, शनिवार

आता तळपाय. सकाळी उठून पाय जमिनीवर टेकला तर वाटलं कोणी ओल्या मिरच्या वाटून पसरल्यात. टाचेला आणि चवड्याला जाड पिवळट चट्टे आलेत, कडेने लाल. जिथे भार पडतो तिथेच. गोळी नेम धरून जाते म्हणे. लिव्हर कुठे, टाच कुठे. आमच्या शाळेतली पोरं गलोलीने कैऱ्या पाडायची, त्यांचा नेम याहून बरा होता.

मोज्यांचा दोष आहे. नायलॉनचे आहेत. उद्यापासून मोजे बंद.

सिस्टरने दिलेलं क्रीम आधी कोणावर तरी बघावं म्हणून नवसीच्या टाचांना लावायला दिलं. तिच्या टाचा म्हणजे उन्हाळ्यातलं शेत. चार दिवसांत लोण्यासारख्या झाल्या. नवसी खूश. बाय, अजून हाय का, म्हणाली. ट्यूब संपली होती.

२८ जानेवारी, मंगळवार

हेतल म्हणाली, बा, तुमचा आवाज बसलाय. मी म्हटलं, सुनेला हाका मारून मारून. ती हसली. मग म्हणाली, गोळीनेपण आवाज बसतो हं, लक्ष ठेवा. मी म्हटलं, गोळी नेम धरून जाते, गळ्यात कशाला थांबेल.

मग तिने बीपी विचारलं. कॅलेंडरवरून वाचून दाखवलं. मशीन दंडाला आवळतं, कळा येतात, म्हणून बांधत नाही. आकडे मी मनाने लिहिते. म्हणाली, बा, तुमचं बीपी रोज एकसारखं कसं? मी म्हटलं, शिस्त.

२ फेब्रुवारी, रविवार

पोट धरत नाही. जाते आणि येते, येते आणि जाते. प्रदीपचे कंपनीचे कपडे घरात येतात, त्यांच्या वासाने हे. तारापूरच्या केमिकलचं तसंच आहे. सगळे कपडे अंगणात भिजत घालायला लावले. उषा म्हणाली, आई, कपडे दर रविवारी येतात, पोट आताच कसं बिघडलं? हिला वकील व्हायचं होतं, चुकून आमच्या घरात आली.

भाताची पेज घेतली. तोंडात फोड आहेत, मीठ झोंबतं. पेज अळणीच चांगली लागते, आजवर कळलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रेशनवर गेले. अंगठा मशीनवर ठेवला. मशीन म्हणालं, जुळत नाही. परत ठेवला. परत नाही. दुकानदार म्हणाला, आजी, अंगठा पुसून ठेवा. पदराला पुसला, नाही. दुसरा अंगठा, नाही. मग बाकीची बोटं एकेक करून. रांगेतल्या बायका जवळ येऊन बघू लागल्या. दुकानदाराने माझा हात उजेडात धरला आणि म्हणाला, आजी, तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत.

खरंच नाहीत. कातडं निघून खाली गुळगुळीत गुलाबी. काचेसारखं. राहीबाईपण रांगेत होती, ती म्हणाली, अगो बाई, मंजुळा, मशिनीला तू दिसतच नाहीस.

तिला म्हटलं, तुला दिसते ना, पुरे.

तांदूळ उषाच्या अंगठ्यावर मिळाले. मशीन चीनचं आहे, त्याला म्हाताऱ्या माणसाचा हात वाचता येत नाही. घरी येताना उषा माझी बोटं परत परत बघत होती. ती अशी बघते तेव्हा मला जास्त राग येतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोनच्या वेळी उषा मुद्दाम जवळ उभी. मी छान म्हटलं की डोळे वटारायची. एकदा हात पुढे केला, द्या इकडे, मी बोलते. मी फोन दुसऱ्या कानाला नेला. हेतलला म्हटलं, सून तुला नमस्कार सांगते.

नंतर उषाला नीट समजावलं. वेल उतरवायला थोडेच दिवस राहिले. आता गोळी काढून घेतली तर मी कशी उभी राहणार. उषा म्हणाली, आता तरी कुठे उभ्या राहताय, भिंत धरताय. मी म्हटलं, भिंत आपलीच आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उजव्या टाचेचं कातडं आज अख्खं सुटलं. केळीच्या खोडाचं सोपट निघतं तसं, एका ओढीत. आधी घाबरल्यासारखं झालं. मग बसून विचार केला. जुनी साल सुटते म्हणजे आत नवं आहे. वेलीचंही तसंच. याचा अर्थ गोळी लागू पडते आहे. जितकं सुटेल तितकं बरं. डॉक्टरांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही, नाहीतर त्यांनी फोड आल्यावर गोळी बंद केली नसती. मनोरच्या माणसाचं असंच नुकसान झालं.

वेलीत गेले. कापलेल्या काठीचा खुंट उघड्या जागी लागला. रक्त फार नाही. हळद भरून वर केळीचं पान बांधलं, त्यावर मोजा. मोजे पुन्हा सुरू.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांकडे दाखवायची या शनिवारची तारीख आहे. प्रदीपला फोन करून सांगितलं, डॉक्टर सुट्टीवर गेलेत. हेतलला सांगितलं, घरात लग्न आहे, पुढच्या महिन्यात येते. ती म्हणाली, बा, या वेळी रक्त तपासायचं आहे, चुकवू नका. मी म्हटलं, नवरी आमचीच आहे, मला कसं जमणार.

आमच्या घरात नवरी होईल अशी एकच आहे, ती राहीबाईची कोंबडी.

टाच हिरवट दिसते. हळदीवर केळीच्या पानाचा रंग चढला असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नवसी पाणी लावत होती. माझ्याकडे बघून थांबली. म्हणाली, बाय, तुमचं डोलं पिवलं झालंय. मी म्हटलं, ऊन पिवळं आहे. ती म्हणाली, ऊन नाय, डोलं.

घरी आरसा बघितला. थोडे आहेत.

यात घाबरण्यासारखं काय आहे? वेलीचं पान पिवळं पडलं तर आम्ही काय करतो? पोषण कमी पडलं असं समजून पेंड वाढवतो. आठ दिवसांत पान काळंभोर होतं. पन्नास वर्षं हेच करत आले, एकदा चुकलेलं नाही. डॉक्टरांनी दिलेली मात्रा माझ्या कामाला कमी पडते, इतकाच अर्थ. ते पालघरला खुर्चीत बसणाऱ्यांच्या मापाने देतात.

आजपासून दुपारीही एक.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हेतल: डोळे पिवळे वाटतात का? हा प्रश्न नवीन आहे. हिला कोणी सांगितलं? उषावर संशय.

पांढरे आहेत म्हटलं. कापसासारखे.

लघवी?

तिलाही छान म्हटलं. काय काय विचारतात.

अंग खाजतं. पोट टरारलं आहे, पाय बारीक झालेत. वजन वाढलं म्हणून आनंद मानायचा की घटलं म्हणून काळजी करायची, ते ठरत नाही. आनंद मानला.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपास केला नाही, पण खाल्लंही नाही. रताळं समोर होतं, ते तसंच राहिलं.

उषाने लादी पुसायला घेतली आणि माझ्या पावलांच्या जागी लाल डाग बघितले. मोजा ओढून काढला. मी ओरडले तरी सोडलं नाही. टाच बघून तिने तोंडाला पदर लावला. वासाने असेल. मग म्हणाली, आई, हे रक्त पायाचं आहे की देवळातल्या बोकडाचं. आत्ताच्या आत्ता प्रदीपला बोलावते.

मी म्हटलं, बोलाव. मी जेवण सोडते. ती म्हणाली, सोडायला काय, जेवताय कुठे. दोघी भांडलो. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. शेवटी ठरलं, सोमवारी वेल उतरवायला घ्यायची, ती उतरली की उषा स्वतः हेतलला फोन करणार. मी हो म्हटलं. सोमवारनंतर टाच सुकलेलीच असेल.

जाताना म्हणाली, वेल आमी उतरवतो ना, तुमी बांधावर बसून सांगा. मी म्हटलं, तू गाठ म्हशीची मारतेस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरत नव्हती.

२८ फेब्रुवारी

पट्टीतल्या गोळ्या संपत आल्या. मेडिकलवाल्याने कमी भरून दिल्या. कंपनीने बंद पट्टीत भरलेल्या असतात असं उषा म्हणते. मग कंपनीने कमी भरल्या.

अक्षर बिघडलं आहे. पेन वाईट.

१ फेब्रुवारी, सोमवार

उषा म्हणते आज रविवार, दोन मार्च. कॅलेंडरही तिच्या बाजूने आहे. तिने मला दोनदा जेवायला वाढलं, किंवा वाढलंच नाही. तिच्यावर लक्ष ठेवायला हवं.

प्रदीप आला आहे. उंबऱ्यात उभा राहून कोणाशी तरी फोनवर बोलत होता, हो सिस्टर, हो सिस्टर. प्रदीपला बहीण नाही.

दुपारी झोप. संध्याकाळीही झोप. झोप येते म्हणजे औषध लागू पडलं. उद्या

सोमवार

वेलीत गेले. पाय धुऊन गेले. सासूबाई बांधावर उभ्या होत्या. चप्पल नाही ना, विचारलं त्यांनी. नाही म्हटलं. दाखव म्हणाल्या. पाय दाखवला.

पहिली वेल सोडवली. हात लावला तर हिरवी, थंड. तिची गाठ माझ्याच हातची, सुटेना. नवसी मागून काही तरी ओरडते, बाय, बाय. मी म्हटलं, वेलीत बडबड

१५ मार्च, शनिवार

ही डायरी त्या दिवशी वेलीत माझ्या हातात होती, उषाने उचलून ठेवली होती, ती आज काढून दिली. अक्षर आता जमतं. वर जे लिहिलं आहे ते मी लिहिलं असं वाटत नाही.

झालं ते असं. मी पहिल्याच वेलीशी पडले. नवसी आणि उषाने मला झोळीत घालून रस्त्यावर आणलं. प्रदीपची कामावरची रजा त्याच दिवसापासून, तो फाटकातच होता. पालघर, तिथून पुढे मुंबई. कित्येक दिवस मी कोणाला ओळखत नव्हते. नर्सला म्हणे मी वेलीच्या गाठी शिकवत होते, सलाइनच्या नळीवर. टाचेतलं विष अंगात भिनलं होतं, ते कापून काढलं. लिव्हर दमलं म्हणून डोक्यात भ्रम झाला. काल घरी आणलं. होळी परवाच झाली. गावातली राख अजून उडते.

मोठ्या डॉक्टरांना मी शुद्धीवर आल्यावर विचारलं, गोळी कधी सुरू करायची. ते खुर्ची ओढून बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की ओळखावं. म्हणाले, आजी, तळहात लाल झाले त्याच आठवड्यात कळलं असतं तर आठ-दहा दिवस गोळी थांबवली असती, पाय बरे झाल्यावर अर्धी सुरू केली असती. पुष्कळ लोक अर्ध्या गोळीवर छान राहतात. आम्ही फोन त्यासाठीच करतो.

मी म्हटलं, मनोरच्या माणसाची तुम्ही बंद केली ती केलीच.

त्यांना मनोरचा माणूस कोण ते आठवेना. हेतलला विचारलं. तिने फाइल बघून सांगितलं, तो गोळी थांबवल्यावर परत आलाच नाही. बोलावलं तरी नाही आला.

अर्धी करायची ती मी दीडपट केली, हे डॉक्टरांना उषाने सांगितलं. मी सांगितलं नसतं. आता रक्तात जे आकडे आहेत त्यावर गोळी देता येत नाही. दुसरं काय देणार, विचारलं. दुखू नये म्हणून देऊ, म्हणाले.

प्रदीप पंख्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. त्यापेक्षा पंखा बरा.

१६ मार्च, रविवार

तब्येत ठीक.

प्रदीपने मला खुर्चीत घालून बांधापर्यंत नेलं. पायात दोन दोन मोजे, वर मऊ चप्पल. त्यामुळे बांधाच्या अलीकडेच खुर्ची ठेवायला लावली.

वेल सगळी उतरवून झाली आहे. मी दवाखान्यात असताना उषाने आणि नवसीने उतरवली. एकही मोडलेली नाही. वेटोळी नीट पुरली आहेत, शेंडे वीतभर बाहेर, प्रत्येकाला सोपटाची गाठ. लांबून बघितल्या. माझ्यासारख्याच मारल्या आहेत. उषा कधी बघत होती कोण जाणे.

मग उषा वेलीच्या आतून पाण्याची कळशी घेऊन आली. तिच्या पायात चप्पल. निळी, रबराची. मागून नवसी आली, तिच्याही पायात.

माझं तोंड बघून उषा तिथेच थांबली. नवसी मात्र हसली. म्हणाली, बाय, आता काय लपवायचं. तुमी दुपारच्या झोपता ना, तवा आमी चपला घालूनच जातो. लई वर्सं झाली. आत काटं किती हाय.

मी उषाला विचारलं, खरं? ती म्हणाली, तुमी सांगितलं असतं ना आई, पाय असे झालेत, तर मीपण सांगितलं असतं.

वेलीकडे बघितलं. पान काळंभोर. कुठे मर नाही, कुठे पिवळं नाही. रुसलेली तर अजिबात दिसत नाही.

प्रदीप म्हणाला, वेलीत आत नेऊ का, तुझ्याही पायात चप्पल आहेच. मी म्हटलं, ऊन लागतंय, घरी चल.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी उठल्याबरोबर ठरवलं, आज हेतलला सगळं खरं सांगायचं. मनात क्रम लावून ठेवला. आधी हात, मग पाय, मग पोट. बीपीचं कॅलेंडर. लग्न नव्हतं ते. क्रीम नवसीच्या टाचांना लावलं ते. दुपारची गोळी सगळ्यात शेवटी, कारण त्यावर ती रागावेल. रागावू दे. पोरगी चांगली आहे.

उषाला फोन उशाशी ठेवायला सांगितला, आवाज मोठा करून.

तिची नेहमीची वेळ गेली. दवाखान्यात आज गर्दी असेल.

राहीबाई चौकशीला आली. तिला म्हटलं, गप्प बस, फोन यायचा आहे. ती बिचारी कोंबडी कुशीत धरून गप्प बसली, मग उठून गेली.

जेवण घेतलं नाही. फोन आला आणि तोंडात घास असला तर नीट बोलता येणार नाही. आवाज आधीच बसलेला आहे.

मध्ये एकदा वाजला. प्रदीपचा होता. त्याला म्हटलं, ठेव, लाइन अडवू नकोस.

ऊन ओट्यावरून उतरल्यावर उषा चहा घेऊन आली. मी फोन हातात धरून बसले होते. तिने तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला, बाजूला ठेवला, आणि कप दिला. म्हणाली, आई, तो फोन गोळी चालू असते त्यांना येतो.

चहात आलं घातलं होतं. जरा जास्तच पडलं होतं. सगळा प्यायले.